पुल्ड पोर्क: आधी धूर, मग मऊपणा

पुल्ड पोर्क, म्हणजे मंद आचेवर शिजवून रेषे-रेषे फाडलेलं डुकराचं मांस, बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी फसतं. एक तर तासन्‌तास शिजूनही चिवट राहतं, नाहीतर मऊ होतं पण धुराचा मागमूस नसतो. धूर लागतो पहिल्या काही तासांत आणि मऊपणा येतो अगदी शेवटी, त्यामुळे ही दोन कामं वेगळीच धरायची.

मांस खांद्याचंच घ्या. हाडासकट अडीच-तीन किलोचा तुकडा उत्तम. त्यात चरबी आणि कोलॅजेन (मांस चिवट करणारं प्रथिन) भरपूर असतं. मंद आचेवर कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रेषे रसदार राहतात. पाठीचं कमी चरबीचं मांस कितीही जपून शिजवलं तरी कोरडं पडतं, त्याच्या नादी लागू नका.

आदल्या रात्री किलोला 12 ते 15 ग्रॅम मीठ चोळून तुकडा न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मिरपूड, पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) आणि थोडी ब्राऊन शुगर लावा आणि थंडगारच ग्रिलवर चढवा. थंड, ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो.

ग्रिलमध्ये निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. आतली उष्णता 110 ते 120 अंश सेल्सिअस ठेवा. लाकूड हिकरी, ओक, सफरचंद किंवा चेरीचं, पूर्ण वाळलेलं. ते पाण्यात भिजवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण भिजलेलं लाकूड आधी नुसती वाफ सोडत बसतं. झाकणातून बाहेर पडणाऱ्या धुराकडे लक्ष ठेवा. तो विरळ, निळसर, जेमतेम दिसेल असा हवा. पांढरे दाट लोट निघत असतील तर लाकूड हवेअभावी धुमसतंय आणि मांसाला कडवट चव येणार. अशा वेळी वरची झडप पूर्ण उघडा, खालून हवा थोडी वाढवा, लाकूड एका वेळी एक-दोनच तुकडे टाका. कापल्यावर दिसणारी गुलाबी कड फोटोत छान दिसते, पण तिचा चवीशी काही संबंध नाही.

मांसाचं आतलं तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडतं आणि काही तास हलतच नाही. घाबरून आच वाढवू नका. मांसातून पाणी सुटून वाळत असतं आणि त्यानेच ते थंड राहतं, आपल्याला घाम येतो तसंच. बाहेरचं कवच गडद आणि घट्ट झालं असेल तर आता फॉइलमध्ये गुंडाळा. फॉइलने कवच थोडं मऊ पडतं. ते टिकवायचं असेल तर बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) बरा, फक्त वेळ जास्त लागतो. धुराचं काम इथे झालेलं असतं, म्हणून पुढचं शिजवणं 120 अंशांवर ओव्हनमध्ये केलंत तरी काही बिघडत नाही.

मांसाचं आतलं तापमान 93 ते 96 अंशांवर आलं की तपासायला सुरुवात करा, पण आकड्यापेक्षा हाताला काय लागतंय ते महत्त्वाचं. सळई लोण्यात जावी तशी आत गेली पाहिजे आणि खांद्याचं हाड नुसतं पिरगळल्यावर सुटून आलं पाहिजे. ते अडलं तर आणखी अर्धा तास. मग गुंडाळलेलंच किमान तासभर मुरू द्या. लगेच फाडलंत तर वाफ आणि रस दोन्ही निघून जातात.

फाडताना बोटभर जाडीचे रेषे ठेवा, फार बारीक केले की चोथा होतो. फॉइलमधल्या रसावरची चरबी काढून तो रस आणि दोन-तीन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर मांसात कालवा. कवचाचे तुकडे सगळीकडे मिसळा, धुराची चव तिथेच एकवटलेली असते.

स्लो कुकर वापरायचा असेल तर आधी दोन-तीन तास धूर द्या आणि मांस गरम असतानाच कुकरमध्ये घाला. अर्धवट शिजलेलं मांस बाहेर ठेवून देणं धोक्याचं. पाणी घालू नका, मांसाला स्वतःचं पुरेसं सुटतं. ग्रिल नसेलच तर स्मोक्ड पाप्रिका आणि लिक्विड स्मोकचे (धुराच्या चवीचा द्रव) एक-दोन थेंब वापरा, आणि शेवटी फाडलेलं मांस ट्रेमध्ये पसरून कडा कुरकुरीत होईपर्यंत ब्रॉयलरखाली (ओव्हनमधल्या वरच्या थेट आचेखाली) धरा.