धूमकेतू येतोय म्हटल्यावर हाताशी काय काय हवं

धूमकेतूची बातमी आली की लोक आधी दुर्बिणीची चौकशी करतात. माझी यादी जागेपासून सुरू होते, आणि जागा बघायला जायचं ते दिवसाउजेडी. ऑक्टोबर 2024 मधला त्सुचिन्शान-ॲटलस आठवा. सी/2023 ए3 हे त्याचं कागदोपत्री नाव. 12 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, साधारण 7 कोटी किलोमीटरवर. पण त्या संध्याकाळी आपल्याकडून तो शुक्राच्या उजवीकडे आणि शुक्राहूनही बराच खाली. समोर एखादी टेकडी, टॉवर किंवा आंब्याचं झाड असलं की खेळ खलास. म्हणून आठवडाभर आधी सूर्यास्ताला त्या जागी उभं राहा आणि हात ताठ धरून मोजा: करंगळीची रुंदी 1 अंश, मूठ 10 अंश. पश्चिमेला मुठीचा निम्मा भागसुद्धा अडत असेल तर दुसरी जागा शोधा. गावाचे दिवे पाठीशी राहतील अशी असली तर उत्तम. जागा एकदा ठरली की शेवटपर्यंत बदलू नका, नाहीतर कालचं निरीक्षण आणि आजचं निरीक्षण यांची तुलनाच होत नाही.

मग पंचांग. जवळ येणारा धूमकेतू चंद्र बघून येत नाही. त्या ऑक्टोबरात तो रोज थोडा वर चढत गेला आणि 16 तारखेला, आरामात दिसावा अशा उंचीवर आला, तेव्हा पूर्वेला कोजागिरीचा चंद्र. लोकांनी आटीव दूध प्यायलं, चांदण्यात शेपटीची दिसणारी लांबी निम्म्यावर आली. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. चंद्र नाही, पण फटाक्यांचा धूर. तेव्हा तिथी, चंद्रोदय आणि सणवार एका कागदावर मांडा, आणि जुलै-ऑगस्टात काही येणार असेल तर अपेक्षा आधीच कमी करा.

कक्षेची आकडेवारी ताजी घ्या. आकडे सहाच असतात: धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ कधी येणार ती वेळ, तेव्हाचं अंतर, कक्षा किती लांबट आहे ते, तिचा पृथ्वीच्या कक्षेशी कल, आणि ती अवकाशात कुठल्या दिशेला वळलेली आहे ते सांगणारे दोन कोन. त्सुचिन्शान-ॲटलससाठी यातले पहिले दोन म्हणजे 27 सप्टेंबर 2024 आणि सूर्य-पृथ्वी अंतराच्या 0.39 पट. बुध सरासरी जेवढ्या अंतरावर असतो, जवळपास तेवढंच. कल 139 अंशांचा, 90 हून जास्त, म्हणजे स्वारी ग्रहांच्या उलट दिशेने फिरणारी. हे आकडे मायनर प्लॅनेट सेंटरकडून (लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणारी संस्था) थेट स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेता येतात. रात्रीनिहाय तक्ता हवा असेल तर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या संकेतस्थळाला आपले अक्षांश-रेखांश द्या, ते विषुवांश, क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच) आणि क्षितिजापासूनची उंची सगळं काढून देतं. फक्त आकडे कुठल्या तारखेसाठी काढलेत ते तपासा. ग्रहांच्या ओढीने कक्षा थोडी थोडी बदलत असते, शिवाय धूमकेतूतून सुटणारे वायूचे झोत त्यालाच ढकलत असतात. सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्यांवर दुर्बीण लावून रिकामं आकाश बघत बसणारे मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होतो.

तेजस्वितेचं भाकीत वहीत पेन्सिलीनेच लिहा. भाकितामागचं गणित साधं आहे. पृथ्वीपासूनचं अंतर निम्मं झालं की तेज चौपट, म्हणजे दीड प्रत (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं की नेहमीच्या गृहीतकानुसार तेज सोळापट, म्हणजे तीन प्रती. धूमकेतूला मात्र हे गृहीतक कुणी विचारून ठरवलेलं नाही. जुलै 2024 मध्ये झ्देनेक सेकानिना यांच्यासारख्या धूमकेतूंच्या जाणत्या अभ्यासकाने त्सुचिन्शान-ॲटलस सूर्याशी पोचण्याआधीच विखुरणार असं लिहिलं होतं. तो टिकला. 2013 चा आयसॉन धूमकेतू मात्र सगळ्यांच्या आशा वाढवून सूर्याजवळ जाताना फुटला. त्यात धुळीची गंमत वेगळी. धूमकेतू आपल्या आणि सूर्याच्या जवळजवळ मधोमध आला की धूळ प्रकाश पुढे फेकते आणि तो अचानक झळाळतो. त्सुचिन्शान-ॲटलसचं 9 ऑक्टोबरच्या आसपास हेच झालं, पण तो सूर्याच्या इतका शेजारी होता की ते तेज आपल्या वाट्याला न येता सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यांना मिळालं. सूर्य पूर्ण मावळण्याआधी बायनॉक्युलर तिकडे वळवायचं नाही, हा नियम अशा वेळी कुणीतरी हमखास मोडतो. मोडू नका, डोळा जाईल.

स्वतःची प्रत स्वतः काढायची तर तुलनेचे तारे आधीच निवडून ठेवा. धूमकेतू ठिपका नसतो, पसरलेला असतो, त्यामुळे चौथ्या प्रतीचा धूमकेतू चौथ्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी फिका वाटतो. जुनी युक्ती अशी: धूमकेतू स्पष्ट फोकसमध्ये बघून त्याचा आकार आणि उजेड लक्षात ठेवायचा, मग ताऱ्यावर जाऊन फोकस इतका बिघडवायचा की ताऱ्याचा डाग धूमकेतूएवढा होईल, आणि उजेडाची तुलना करायची. एक तारा उजळ, एक मंद हवा. 3.2 आणि 4.1 या प्रतींच्या मध्ये धूमकेतू उजळ ताऱ्यापासून तिसऱ्या हिश्शावर वाटला तर 3.5 लिहा. तारे मात्र धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्या. क्षितिजापासून 10 अंशांवर हवा एक प्रत तरी गिळते. त्या ऑक्टोबरात स्वातीची चांदणी सोयीची होती: प्रत जवळपास शून्य, पश्चिमेला, तशीच खाली उतरलेली. अभिजितही शून्याच्याच प्रतीची, पण ती वर, त्यामुळे तुलनेला निरुपयोगी. आणि आपला आकडा वहीत उतरवल्याशिवाय मोबाइलवर दुसऱ्यांचे आकडे उघडू नका. एकदा 2.8 वाचलं की डोळ्यांना 2.8 च दिसतं.

स्थान मोजायचं असेल तर कॅमेरा, तिपाई आणि बरोबर घड्याळ. यात घड्याळ सगळ्यांत महत्त्वाचं. फोटोत भोवतालचे तारे आले की संगणक त्यावरून धूमकेतूचे विषुवांश-क्रांती काढून देतो, ते काम आता सोपं झालंय. वेळ मात्र तुम्हालाच द्यावी लागते, आणि ती जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. मी एका संध्याकाळची सगळी छायाचित्रं भारतीय वेळेतच नोंदवली आणि वर जागतिक वेळ असं लिहून मोकळा झालो. धूमकेतू तेव्हा दिवसाला पाच-सहा अंश सरकत होता. साडेपाच तासांत एक अंशाच्या वर, म्हणजे दोन चंद्रबिंबांहून जास्त. माझ्या आकड्यांतून निघालेली कक्षा बघून मित्र म्हणाला, हा तर वेगळाच धूमकेतू, तुझं नाव द्यायला हवं. तेव्हापासून निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवतो आणि पहिला फोटो मोबाइलच्या पडद्यावरच्या सेकंदांचा काढतो.

पिशवीत बाकी फार काही नको. 7×50 किंवा 10×50 चं बायनॉक्युलर, लाल कागद बांधलेली बॅटरी, जास्तीचा सेल, पेन्सिल (पेन दवात चालत नाही), सतरंजी, कानटोपी, डासांचं मलम. जागा शेताच्या बांधावर असेल तर चप्पल घालून जाऊ नका, बूट घाला, आणि मालकाला आधी सांगून ठेवा. रात्री तिपाई घेऊन फिरणाऱ्या माणसाबद्दल गावात चांगले तर्क होत नाहीत.

वहीचं पान घरीच आखून न्या: तारीख, जागतिक वेळ, साधन, प्रत, धूमकेतूच्या डोक्याचा व्यास कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), ते डोकं किती घट्ट दिसतं ते 0 ते 9 मध्ये, शेपटीची लांबी आणि दिशा. शेवटचा रकाना आकाशाचा. ढग आले तरी पान कोरं सोडू नका. ‘दिसला नाही’ असं लिहा, आणि त्याच भागात डोळ्यांना जेमतेम दिसलेल्या ताऱ्याची प्रत शेजारी टाका.