पुन्हा सायगॉनला: कामासाठी जाणाऱ्या नव्यांना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीनशॉपच्या कामासाठी मी कोविडआधी व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या नावाच्या सायगॉनला, गेलो होतो, आता परत जाऊन आलो. खानापूर, निपाणीकडची, डिप्लोमा करून नुकती कामाला लागलेली पोरं विचारतात, म्हणून लिहितोय. आधी जाऊन आलेल्याची माहिती, माझीसुद्धा, कधीची आहे ते विचारूनच वापरा. ते शहर फार झपाट्यानं बदलतंय.

पत्त्याचंच घ्या. १ जुलै २०२५ ला बिन्ह दुओंग आणि बा रिआ-वुंग ताऊ हे शेजारचे प्रांत शहरात विलीन झाले आणि 'डिस्ट्रिक्ट' ही पायरीच गेली. बिन्ह दुओंगमधला कारखाना जागचा हलला नाही, पण कागदावर तो आता हो ची मिन्ह सिटीत आहे. शहराचं नाव वाचून मध्यवस्तीत बेन थान्ह बाजाराजवळ हॉटेल घेतलंत तर सकाळ कंटेनरच्या मागं जाईल. त्या मध्यवस्तीला लोकांच्या तोंडी अजून 'डिस्ट्रिक्ट वन'च आहे. आपण नाही का बेळगावच म्हणत? पुरवठादाराकडून गेटचं लोकेशन मागवा आणि पर्चेस ऑर्डरसाठी नवा पत्ता लेखी घ्या.

त्यावरून व्हिसाचं सांगतो. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. त्यामुळं कुणाच्या पासपोर्टवर जन्मगाव जुन्या नावानं आहे, कुणाच्या नव्या. ई-व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर छापलंय तेच, अक्षर न् अक्षर, भरा.

मागच्या वेळी बेन थान्ह बाजारासमोर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले होते. २२ डिसेंबर २०२४ पासून पहिली लाइन सुरू आहे, सुओई तिएनपर्यंत जवळपास २० किलोमीटर. हायटेक पार्कमध्ये काम असेल तर तीच धरा. बिन्ह दुओंगला मात्र ती जात नाही, ग्रॅब या अ‍ॅपवरून गाडीच करावी लागते. रोख देताना नोट उजेडात बघा: २० हजार आणि ५ लाख डाँग, दोन्ही निळसर.

कारखान्यात साडेअकराच्या सुमारास जेवण. त्यानंतर दिवे बंद होतात आणि माणसं मशीनच्या बाजूला पुठ्ठे अंथरून आडवी होतात. इन्स्पेक्शन रखडलं म्हणून कुणाला उठवायला जाऊ नका, त्या झोपेचा तिथं मान आहे. महत्त्वाची मापं सकाळीच उरकून घ्या. आपल्या घड्याळापेक्षा ते दीड तास पुढं आहेत. त्यांची दुपारची पाळी सुरू होते तेव्हा बेळगावात साडेअकरा वाजलेले असतात. शंका विचारायला फोन तेव्हाच लावा.

शाकाहारी असाल तर 'कॉम चाय'ची पाटी शोधा. इतर ठिकाणी भाजीतही माशाचं सॉस असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास बरेच लोक स्वतःच मांसाहार टाळतात, त्या दिवसांत अडचण कमी. आणि टेटच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आठवड्यात जाण्याचं ठरवू नका. कारखाने बंद आणि माणसं गावी गेलेली असतात. ती तारीख चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारी-फेब्रुवारीत मागंपुढं होते, तेव्हा तिकिटाआधी ती बघा.