टक्के डॉक्टर मोजतील, खर्च आपणच मांडायचा

अपंग हक्कांच्या कामात नव्याने येणाऱ्यांना २०१६ चा अपंग हक्क कायदा, त्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार, सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) हे सगळं माहीत असतं. ते सोडतो. मी स्वतः पायाला कॅलिपर (आधाराचा सांगाडा) लावून चालतो, तरी ज्या एका गोष्टीत फसलो ती सांगतो: जितके टक्के जास्त, तितकी गरिबी जास्त, असं धरून चालणं.

अपंगत्वाचे टक्के ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड शरीर मोजतं. दिसतं किती, ऐकू येतं किती, स्नायूंत जोर किती, एवढंच. आता दोन माणसं धरा. एक पूर्ण अंध, पण बँकेत नोकरीला. दुसरी ४५ टक्के, एका पायाला पोलिओ, निंदणी-खुरपणीवर पोट. केंद्राच्या अपंग पेन्शनला ८० टक्के लागतात, म्हणजे दुसरीचा तिथे विषयच संपला. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत ती ४० टक्क्यांच्या अटीत बसते, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. आणि गोची इथेच आहे. तहसीलचा दाखला घरात किती आले ते सांगतो, अपंगत्वापायी किती गेले ते सांगत नाही. मणक्याला इजा झालेल्याचे डायपर, कॅथेटर, तालुक्याला जायची स्पेशल रिक्षा (एसटीत सवलत आहे हो, पण चढायचं कसं?), सोबत येणाऱ्या बायकोचा बुडालेला रोज. हे कुठल्याच रकान्यात नाही. कायद्याच्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत मिळायला हवी. माझ्या मते ती तरतूद याच खर्चासाठी आहे, आणि अर्जात तिचा उल्लेख फार कमी लोक करतात.

म्हणून आधी खर्चाची वही लिहायला लावा. महिनाभराची पुरे. गावातल्या अपंग माणसांनी स्वतः लिहायची, तुम्ही नाही.

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून येणाऱ्यांना जरा स्पष्टच सांगतो. बैठकीत माईक तुमच्या हातात नको. तुमचं काम मागे राहून करायचं, आणि ते कमी महत्त्वाचं नाही. जिल्ह्याचं बोर्ड ग्रामीण रुग्णालयात बसवून घ्या, म्हणजे लोकांची शंभर रुपयांची रिक्षा वाचेल. आशाताईंच्या यादीतून सुटलेली माणसं शोधा. वैद्यकीय अधिकाऱ्याकडून महिन्याला काय साहित्य लागतं ते लेखी घ्या, त्या कागदाला तहसीलदारही सहज नाकारत नाही. टक्के चुकीचे वाटले तर कलम ५९ खाली अपील करता येतं, त्यात मदत करा. पण पुढे अपंग माणसंच हवीत: २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न आला तोही जावेद आबिदींसारख्या अपंग कार्यकर्त्यांनी रेटा लावला म्हणून.

एजंट गाठू नका. 'साहेबांशी ओळख आहे' म्हणणारा गुरू तर त्याहून वाईट, तो तुम्हाला आयुष्यभर त्याच्या दारात उभं ठेवतो. शिबिरं घ्या, पण व्हीलचेअर वाटतानाचे फोटो म्हणजे काम नव्हे.

पैसा कुठे आहे ते बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी मार्च उजाडला की घाईघाईत काहीतरी वाटून मोकळे होतात. त्याऐवजी शिलाई मशीन, शेळ्या, पिठाची गिरणी हवी असेल तर ते ग्रामसभेतच मागावं लागतं, आणि ठरावात लिहून घ्यावं लागतं.

पहिल्या ग्रामसभेत कोणी ऐकणार नाही. सरपंच हसेल, ग्रामसेवक 'पुढच्या वेळी बघू' म्हणेल. घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. तीन-चार अपंग माणसं खर्चाच्या वह्या घेऊन पुढच्या रांगेत बसली की दुसऱ्या सभेत निदान त्या ५ टक्क्यांचा हिशेब तरी वाचून दाखवतात. नाही दाखवला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तो अर्ज ज्याचा प्रश्न आहे त्याच्याच नावाने.