अंत्यविधी ठरवताना: नेत्रदान, देहदान, दहन आणि अस्थी

घरात माणूस गेला की "कधी नेणार?" हा प्रश्न तासाभरात सुरू होतो. त्याआधी घरच्यांनी बसून नेत्रदान आणि देहदानाचं ठरवावं. दहन काही तासांनी करता येतं, हे दोन पर्याय मात्र घड्याळावर चालतात.

नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. नेत्रपेढीला फोन केला की लगेच पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. वाऱ्याने बुबुळ सुकलं तर ते वाया जातं.

नेत्रदानानंतरही देहदान करता येतं. शवविच्छेदन झालं असेल किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारखा संसर्ग असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयं देह सहसा घेत नाहीत. मृताने इच्छापत्र भरलं असलं तरी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. ऐन वेळी एका मुलाने नकार दिला की सगळं तिथेच अडतं, म्हणून ही गोष्ट माणूस हयात असतानाच सर्वांशी बोलून ठेवावी. देह नेण्याआधी शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करा.

कोणताही विधी निवडा, डॉक्टरांचा दाखला आधी. मृत्यू रुग्णालयात झाला तर नमुना 4, घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून नमुना 4अ. आधार कार्डाशी नाव ताडून पाहा. एका अक्षराच्या चुकीने पुढे बँक आणि विम्याचं काम रखडतं. अपघात किंवा आत्महत्या असेल तर आधी पोलीस. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली पाहिजे.

दहनासाठी शहरात विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर तीच घ्यावी, पावसाळ्यात तर नक्कीच. साधारण दीड-दोन तासांत काम होतं आणि मुखाग्नीचा विधी ट्रॉलीवर प्रतीकात्मक करता येतो. अंगावर सुती कापडच ठेवा; नारळ, प्लास्टिक, जाड ब्लँकेट बाहेर काढा. पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते.

लाकडावर दहन करायचं तर 300 ते 400 किलो सुकं लाकूड लागतं. जाड ओंडके खाली, बारीक फाटे वर, मध्ये हवेला वाट. छाती आणि कंबरेचा भाग उशिरा जळतो, तिथे लाकूड जास्त ठेवा. लाकूड ओलं असलं की लोक वरून रॉकेल ओततात. त्याने ज्वाळा उठते, पण आच टिकत नाही आणि दहन अर्धवट राहतं.

गॅसदाहिनीची अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळते, चितेची राख निवल्यावर. नदीऐवजी झाडाच्या मुळाशी ठेवायची इच्छा असेल तर मूठभरच घ्या आणि भरपूर मातीत कालवा. राख क्षारयुक्त असते. रोपाभोवती ढीग घातला तर रोप जळतं.