सेलच्या कप्प्यातल्या सहा पिना: युनिव्हर्सल रिमोट कॉम्प्युटरला कसा जोडायचा

युनिव्हर्सल रिमोटमध्ये पुस्तिकेतला कोड घातला, टीव्ही चालू झाला, आवाज कमी-जास्त होतो, पण इनपुट बदलायचं बटण काही केल्या चालत नाही. बहुतेकांचा रिमोट इथेच खणात जातो. तसं करू नका. उरलेलं काम कॉम्प्युटरवरून होतं, आणि मला तर त्यातच खरी गंमत वाटते.

आधी सेलचं झाकण काढा. वन फॉर ऑल आणि त्याच घराण्यातल्या बऱ्याच रिमोटमध्ये कप्प्याच्या तळाशी सहा पिना किंवा सहा भोकं दिसतात, तीन-तीनच्या दोन रांगांत. याला जेपी१ म्हणतात. कधी ती लेबलाखाली दडलेली असतात, म्हणून बोट फिरवून बघा. काही रिमोटना सरळ यूएसबीचं तोंड असतं. यातलं काहीच नसेल, तर या पद्धतीने त्या रिमोटच्या मेमरीत शिरता येणार नाही.

केबल घेताना घाई नको. सहा पिना दिसायला सारख्या असल्या तरी आतली रचना वेगळी असते. मूळ जेपी१ मध्ये ईईप्रॉम नावाची वेगळी मेमरी चिप असते आणि केबल तिच्याशीच बोलते. नंतरच्या जेपी१.१, १.२ आणि १.३ मध्ये मेमरी प्रोसेसरच्या पोटातच असते, त्यामुळे तिथे सिरीयल केबल लागते. तेव्हा आधी रिमोटचा मॉडेल नंबर बघा, मग केबल. दोन सेलवर चालणाऱ्या रिमोटला ५ व्होल्टचे सिग्नल देणारी घरची एखादी सिरीयल केबल तर मुळीच लावू नका. या कामासाठीच बनवलेली घ्या.

सिरीयल केबल यूएसबीत घातल्यावर कॉम्प्युटरला ती सिरीयल पोर्ट म्हणून दिसायला हवी. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघून ठेवा. दिसत नसेल तर केबलमधल्या चिपचा ड्रायव्हर टाका. लिनक्सवर तुमचं यूजरनेम डायलआउट ग्रुपमध्ये लागतं, नाहीतर परवानगी नाकारली जाते आणि माणूस उगाच केबलला दोष देत बसतो. प्रोग्रॅमचं नाव रिमोटमास्टर, फुकट आहे, जावावर चालतो. त्याचा आरएमआयआर हा भाग उघडा. केबलची पहिली पिन रिमोटच्या पहिल्या पिनेवर यायला हवी. बोर्डावरची आणि केबलवरची खूण चांगल्या उजेडात बघा. सेल आत ठेवायचे की काढायचे ते केबलवर अवलंबून आहे, तिच्यासोबतच्या सूचना पाळा. ठेवायचे असतील तर नवेच घाला. लिहिता लिहिता सेल बसले तर अर्धवट मजकूर मेमरीत राहतो.

आता पहिलं बटण दाबायचं ते डाउनलोडचं, म्हणजे रिमोटमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. प्रोग्रॅम रिमोटची ओळखखूण वाचून मॉडेल ठरवतो. एकाहून जास्त मॉडेल जुळली तर तुम्हाला विचारतो. उतरलेली फाइल लगेच सेव्ह करा, नावात मॉडेल आणि तारीख घाला, आणि पुन्हा तिला हात लावू नका. पुढे काहीही बिनसलं तरी ही फाइल परत चढवली की रिमोट होता तसा होतो. ही फाइल हाताशी असल्याशिवाय मी कुणालाही अपलोडचं बटण दाबू देत नाही.

मग बदल. एक बटण दुसऱ्या कामाला लावायचं तर की-मूव्ह, एका बटणावर अनेक कामं हवीत तर मॅक्रो, आणि रिमोटला मुळीच माहीत नसलेलं यंत्र चालवायचं तर डिव्हाइस अपग्रेड. रिमोटला शिकवलेले सिग्नल लर्न्ड सिग्नलच्या टॅबमध्ये दिसतात, आणि शेजारीच प्रोटोकॉल (म्हणजे सिग्नल कसा रचायचा त्याची पद्धत), यंत्राचा नंबर आणि बटणाचा नंबर. शिकवलेला सिग्नल मेमरीत बरीच जागा खातो, तोच अपग्रेडमध्ये अगदी थोडकी. जुन्या रिमोटमध्ये एकूण जागाच एक-दोन किलोबाइट, म्हणून तिथे अपग्रेडच करा.

कुठे ‘०००० ००६डी ००२२ ०००२ ०१५७ ००एसी’ अशी आकड्यांची माळ मिळाली तर घाबरू नका. तो प्रॉन्टो कोड आहे, रिमोटचा सिग्नल आकड्यांत लिहून ठेवायची एक पद्धत. आकडे सोळांच्या पायावर लिहिलेले असतात. दुसरा शब्द ००६डी म्हणजे १०९, आणि त्यावरून कॅरियर, म्हणजे रिमोटचा अदृश्य उजेड ज्या वेगाने लुकलुकतो ती वारंवारता, निघतो सुमारे ३८ किलोहर्ट्झ. ००२२ म्हणजे पहिल्यांदा उजेड-अंधाराच्या ३४ जोड्या. ०१५७ म्हणजे त्या कॅरियरची ३४३ आवर्तनं, सुमारे ९ मिलिसेकंद उजेड. ००एसी म्हणजे साडेचार मिलिसेकंद अंधार. अशी सुरुवात दिसली की समोर एनईसी प्रोटोकॉल आहे हे बहुधा पक्कं. पूर्ण माळ आयआरस्क्रूटिनायझर या फुकट प्रोग्रॅममध्ये टाकली की नंबर हातात येतात.

एवढा खटाटोप मी मुख्यतः ज्यासाठी करते ते सांगते. माझ्या बाबांचे हात थरथरतात. पॉवर बटण दोनदा दाबलं गेलं की टीव्ही लागतो आणि पुन्हा बंद होतो, कारण एकच सिग्नल दोन्ही कामं करतो. पण अनेक टीव्हींमध्ये ‘चालू’ आणि ‘बंद’ असे वेगळे सिग्नलही असतात, फक्त मूळ रिमोटवर त्यांची बटणं नसतात. यंत्राचा नंबर कळला की अपग्रेडमध्ये ते घालता येतात. मग ‘चालू’ कितीदाही दाबा, टीव्ही चालूच राहतो. मॅक्रोमध्येही हेच वापरा, आणि टीव्ही जागा व्हायला वेळ घेतो म्हणून पुढच्या सिग्नलआधी थोडा थांबा ठेवा. मात्र न वापरलेले नंबर एकामागून एक आजमावत सुटू नका. त्यात तंत्रज्ञांसाठीचा सर्व्हिस मेनू उघडणारे नंबरही निघू शकतात.

सगळं झालं की नव्या नावाने सेव्ह करा आणि अपलोड. ते चालू असताना केबलला हात नको. झाल्यावर केबल काढा, सेल घाला, प्रत्येक बटण यंत्रासमोर दाबून बघा. यंत्र ढिम्म असेल तर रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा. जांभळट लुकलुक दिसली तर रिमोट बोलतोय, नंबर चुकलाय.

लॉजिटेक कंपनीच्या हार्मनी या युनिव्हर्सल रिमोटची गोष्ट निराळी. त्याची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्यात राहते, आणि कंपनीने २०२१ मध्ये हे रिमोट बनवणं थांबवलं. जुना हार्मनी असेल तर कॉन्कॉर्डन्स नावाच्या मुक्त प्रोग्रॅमने त्याची मांडणी आजच फाइलमध्ये उतरवून ठेवा.