व्हॅलेन्सियाला दोन रात्री: आधी दुपारची जेवणं ठरवा

आम्ही माद्रिदला राहतो. इथून व्हॅलेन्सिया वेगवान गाडीने दोन तासांच्या आत येतं, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना समुद्र दाखवायचा झाला की तिकडेच. आता मला ते गणित जमलंय. पहिल्या खेपेला अजिबात जमलं नव्हतं.

त्या वेळी मी आणि नवरा शनिवारी संध्याकाळी पोचलो. सात वाजता भूक लागली म्हणून बाहेर पडलो, तर कुठेच चूल पेटलेली नाही. शेवटी कॅथेड्रलजवळच्या एका गल्लीत, दारात पदार्थांचे फोटो लावलेल्या ठिकाणी बसलो आणि पाएया, म्हणजे तिथला प्रसिद्ध भाताचा पदार्थ, मागवला. तो सात मिनिटांत आला. पिवळाधमक, मऊ गोळा, वर चार कोळंब्या. रविवारी सकाळी मोठ्या थाटात मध्यवर्ती बाजार बघायला गेलो तर दारं बंद. सोमवारी सुट्टी काढून थांबलो होतो, तर संग्रहालयं बंद. शहराची काही चूक नव्हती. आम्ही आमच्या घड्याळाने फिरत होतो आणि शहर त्याच्या.

म्हणून माझा नियम असा: हॉटेलच्याही आधी शनिवार आणि रविवार या दोन दुपारची जेवणं ठरवायची. तिथे दिवसाचं मुख्य जेवण दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होतं आणि चार-साडेचारपर्यंत रेंगाळतं. त्यानंतर स्वयंपाकघरं बंद, ती रात्री साडेआठ-नऊला उघडतात. भाताचे पदार्थ स्थानिक लोक दुपारीच खातात, रात्री जड पडतात म्हणतात. रविवारी दुपारी तर घरचे दहा-दहा जण मिळून जेवायला बाहेर पडतात, तेव्हा नाव न नोंदवता गेलात तर दारातूनच परत. या दोन खुंट्या ठोकल्या की सकाळ, संध्याकाळ, समुद्र, बाजार आपोआप त्यांना अडकवता येतं.

महिना कोणता? मला एप्रिल-मे आवडतात, आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टमध्ये उकाडा चिकट असतो आणि बरीच छोटी खाणावळवाली मंडळी स्वतःच सुट्टीवर गेलेली असतात. मार्चमध्ये फायास असतं: चौकाचौकांत उभारलेले प्रचंड पुतळे 19 मार्चच्या रात्री जाळतात, आणि 1 ते 19 मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांची मास्क्लेता होते. ती डोळ्यांनी बघायची नसते, छातीने ऐकायची असते. पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव गगनाला भिडतात आणि झोप मिळत नाही. निवांत दोन रात्री हव्या असतील तर तो आठवडा टाळा. फायासच बघायचं असेल तर कित्येक महिने आधी खोली धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात अधूनमधून धो-धो पाऊस कोसळतो, तेव्हा हवामान खात्याचा इशारा आला असेल तर तो गंभीरपणे घ्या. त्याबद्दल पुढे सांगते.

पोचणं सोपं आहे. विमानतळावरून मेट्रोच्या 3 आणि 5 या मार्गांच्या गाड्या साधारण पंचवीस मिनिटांत शातिवा आणि कोलोन या मधल्या स्थानकांवर आणून सोडतात, टॅक्सीची गरज नाही. माद्रिदहून येणारी वेगवान गाडी होआकिन सोरोया स्थानकात थांबते. तिथून जुनं नोर्द स्थानक चालत दहा मिनिटांवर आहे. गाडी पकडायची नसली तरी त्याच्या आत डोकवाच, 1917 ची इमारत आहे आणि दर्शनी भागावर फरशीकामात आणि नक्षीत संत्रीच संत्री आहेत. खोली शातिवा-कोलोनच्या आसपास घ्या. पहिल्यांदा जाणारे हौसेने समुद्राकाठी घेतात आणि मग दोन दिवस ये-जा करत बसतात. एल कार्मेन आणि रुसाफा हे भाग देखणे आहेत, पण शुक्रवार-शनिवारी रात्री तीनपर्यंत खिडकीखाली गप्पा चालतात. झोप सावध असेल तर ‘इंतेरिओर’ खोली मागा, म्हणजे रस्त्याऐवजी इमारतीच्या आतल्या चौकाकडे उघडणारी. दृश्य शून्य, झोप उत्तम.

एक गंमत. स्पॅनिशमध्ये ‘व्ह’ नाहीच, सगळा ‘ब’. तिकीट खिडकीवर ‘बालेन्सिया’ म्हणा.

जमलं तर एक रात्र वाढवा आणि शुक्रवारऐवजी गुरुवारी सकाळीच पोचा. कारण गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. तूरिया नदीवरच्या आठ पाटांचे आठ प्रतिनिधी काळे अंगरखे घालून गोल बसतात, एकेका पाटाचं नाव पुकारलं जातं आणि कुणाची पाणीचोरीची तक्रार आहे का विचारलं जातं. सगळं तोंडी, व्हॅलेन्सियन भाषेत. वकील नाहीत, कागद नाहीत. बहुतेक वेळा तक्रार नसतेच, पाच मिनिटांत सगळे उठतात. धुळ्याकडची पाणीवाटपाची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती पाच मिनिटं फार आवडतील. 2009 मध्ये युनेस्कोने या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आता शनिवार. हा बाजाराचा दिवस, कारण मध्यवर्ती बाजार सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात ते दुपारी तीन एवढाच उघडा असतो. 1928 साली उघडलेली लोखंड, काच आणि रंगीत फरशांची ही इमारत आहे. नऊला जा. अकरानंतर सहलीचे गट येतात आणि भाजी घ्यायला आलेल्या आजीबाई त्यांना कोपरांनी बाजूला सारतात, तेही बघण्यासारखंच असतं म्हणा. रस्त्याच्या पलीकडे जुना रेशीमबाजार, लोन्हा दे ला सेदा. त्याचं बांधकाम 1482 मध्ये सुरू झालं. दोरखंडाला पीळ द्यावा तसे पिळलेले उंच खांब आहेत आणि भिंतीवरून गोल फिरणारा एक लॅटिन लेख. त्याचा आशय असा, की जो व्यापारी बोलण्यात लबाडी करत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळतो आणि व्याजाने पैसे लावत नाही, तो श्रीमंत होईल आणि शेवटी अनंत जीवनही भोगेल.

दहा-साडेदहाला पोटात काहीतरी टाका. या वेळेच्या खाण्याला तिथे एस्मोर्सारेत म्हणतात: हातभर लांब पावाचं भरलेलं बोकादियो, सोबत शेंगदाणे आणि ऑलिव्ह. शाकाहारी पण अंडं चालणाऱ्यांसाठी ‘तोर्तिया दे पातातास’, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, भरलेलं मिळतं. अंडंही चालत नसेल तर ओर्चाता प्या. चुफा नावाचा छोटा कंद भिजवून, वाटून, गाळून काढलेलं गारेगार दूध. त्यात गाईचं दूध नसतं. माझ्या आईला ते ‘नारळाच्या दुधात बदाम वाटल्यासारखं’ लागलं. सोबतच्या लांबट फार्तोन पावांत मात्र अंडं असतं, ते तिने कळल्यावर माझ्याकडे सरकवले.

आणि आता शनिवारची दुपार. या सहलीत पैसे आणि वेळ कशावर खर्च करायचे असतील तर यावर. शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर अल्बुफेरा नावाचं उथळ सरोवर आहे, भोवती भातखाचरं, आणि मधे एल पाल्मार हे गाव. पाएयाचा तांदूळ याच मातीतला. शहरातून बस जाते, फक्त परतीची शेवटची बस उतरतानाच बघून ठेवा. मूळ व्हॅलेन्सियन पाएयात मासे नसतातच. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचा मोठा पांढरा पावटा, केशर, कधी गोगलगायी. पाएया किमान दोघांसाठी करतात, भाव माणशी सांगतात, आणि तांदूळ टाकल्यापासून वीसएक मिनिटं लागतातच. ज्या ठिकाणी दहा मिनिटांत आणून देतात तिथून उठा.

गेल्या खेपेला आई होती, कट्टर शाकाहारी. मी चार दिवस आधी फोन करून भाज्यांचा पाएया, ‘पाएया दे बेर्दुरास’, सांगून ठेवला होता. तेवढ्याने भागत नाही. ‘एल काल्दो एस दे बेर्दुरास?’ म्हणजे रसाही भाज्यांचाच आहे ना, हेही विचारावं लागतं, नाहीतर भाज्या कोंबडीच्या पाण्यात शिजलेल्या असतात. ते सगळं मी विचारलं, आणि सॅलडबद्दल विचारायची विसरले. टेबलावर आलं ते टोमॅटो, कांदा, आणि वर ट्यूनाचा ढीग. तिकडे साध्या सॅलडमध्येही ट्यूना गृहीत धरलेला असतो. ‘सिन आतून’, म्हणजे ट्यूनाशिवाय, असं म्हणायचं, पाठ करून ठेवा. वाढपी बिचारा ओशाळला, दुसरं घेऊन आला.

मग पाएया आला. ताट नाही, ती रुंद पसरट कढईच टेबलाच्या मधोमध. भाताचा थर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ, दाणा न् दाणा सुटा, वर आर्टिचोकच्या फोडी आणि गार्रोफो. प्रत्येकाने आपल्या समोरच्या कडेपासून मध्याकडे खात जायचं, शेजारच्याच्या हद्दीत शिरायचं नाही. तळाला भात चिकटून खरपूस होतो त्याला सोकार्रात म्हणतात, आणि तो न मिळाल्यास स्पॅनिश माणसं रुसतात. मी आईला हे समजावून सांगत होते तोवर तिने लाकडी चमच्याने खरडायला सुरुवातही केली होती. “अगं, ही तर खरवड!” झालं. माझं व्याख्यान तिथेच संपलं.

जेवण संपायला साडेचार वाजतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तिकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तेव्हा गावात एक चक्कर मारून सहाच्या नंतर नावेत बसता येतं. नावाड्याने सरोवराच्या मधोमध मोटर बंद केली की पाणी इतकं थांबतं की दोन सूर्य दिसतात. कापणी झालेल्या खाचरांत बगळे उतरलेले असतात. पण जूनमध्ये ही आखणी चालणार नाही. तेव्हा सूर्य साडेनऊला मावळतो, आणि जेवल्यानंतर पाच तास एल पाल्मारात काढायला काही नाही. उन्हाळ्यात जेवण शहरात घ्या आणि सरोवरावर फक्त संध्याकाळी जा.

व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वेकडे आहे, हे सांगायलाच हवं. समुद्रात सूर्यास्त बघायला गेलेले लोक पाठ फिरवून इमारतींमागे तो शोधत बसतात. मालवार्रोसाच्या किनाऱ्यावर जायचं ते रविवारी सूर्योदयाला, आणि ऑक्टोबरात तो सव्वाआठला होतो, म्हणजे फार पहाटेही उठायला नको. पोंत दे फुस्ताहून ट्राम 4 थेट जाते. होआकिन सोरोया या चित्रकाराने, ज्याच्या नावाचं स्थानक आहे त्यानेच, हाच किनारा आणि इथली पोरं आयुष्यभर रंगवली. वाटेत कबान्याल ही कोळ्यांची जुनी वस्ती लागते, घरांच्या भिंतींवर रंगीत फरशा. ती चालतच बघा.

नंतर तूरिया. ही नदी नाही, नदीची रिकामी जागा आहे. 14 ऑक्टोबर 1957 ला पूर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि मग नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. जुन्या पात्रातून महामार्ग काढायचा घाट होता. लोकांनी तो हाणून पाडला, ‘पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय’ म्हणाले. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे. सायकल भाड्याने घ्या आणि पुलांखालून पूर्वेकडे जा. 29 ऑक्टोबर 2024 च्या अतिवृष्टीत त्या नव्या पात्राने शहर वाचवलं, पण त्याच्या दक्षिणेची गावं बुडाली आणि दोनशे वीसहून अधिक माणसं गेली. एल पाल्मारला जाणारी बस त्याच बाजूने जाते. इशारा आला तर हॉटेलातच थांबा, तळमजल्यावर किंवा गाड्यांच्या तळघरात उतरू नका.

बागेच्या टोकाला वास्तुविशारद कालात्राव्हाची पांढरीशुभ्र कला-विज्ञान नगरी. बाहेरून फिरायला तिकीट नाही, आणि दोन दिवसांच्या सहलीत मी आत जातही नाही. मत्स्यालय उत्तम आहे, पण तिकीट तिसाच्या पुढे युरो आणि निदान तीन तास. लहान मुलं असतील तर अलीकडे गलिव्हरची घसरगुंडी आहे: जमिनीला बांधलेला सत्तर मीटरचा गलिव्हर, त्याच्या अंगाखांद्यावरून मुलं घसरतात. फुकट. तिथून मुलं निघत नाहीत, तेव्हा दुपारच्या जेवणाला वेळेत पोचायचं असेल तर अर्धा तास आधीच हाका मारायला लागा.

परतीची गाडी संध्याकाळी सातच्या आतली घेऊ नका. रविवारचं जेवण पाचला संपतं आणि हॉटेलात ठेवलेलं सामान उचलायचं असतं.

आणि हो, शनिवारच्या बाजारात वाळलेला गार्रोफो मिळतो, अर्धा किलो घ्या. आईने माद्रिदला परतल्यावर त्याची गोडा मसाला घालून उसळ केली, पावट्यासारखीच लागली. रात्रभर भिजवून ठेवा मात्र, कमी वेळ भिजवला तर मधला दाणा टणकच राहतो.