रक्तातील पॅराक्वाट : खालचे स्टँडर्ड एलसी-एमएसवर दिसेनात

पॅराक्वाट हे विषारी तणनाशक. रुग्णाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) मोजतात.

लक्षण: ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या स्टँडर्डचा (ठाऊक प्रमाणाचं द्रावण) पीक (आलेखावरचा उंचवटा) ठणठणीत, १० चा कधी अर्धा, कधी गायब. कॅलिब्रेशनची रेषा (ज्यावरून पीकचं प्रमाण काढतात) खालच्या टोकाला वाकलेली.

कॉलम (रेणू वेगळे करणारी नळी) बदलला, सोर्स (रेणूंना प्रभार देणारा यंत्राचा भाग) धुतला, स्टँडर्ड नव्याने बनवलं. आठवडा पाण्यात गेला.

दोषी निघाली काच. पॅराक्वाटवर दोन धन प्रभार असतात, त्यामुळे ते काचेच्या पृष्ठभागावरच्या ऋण प्रभाराच्या सिलॅनॉल गटांना चिकटतं. द्रावण जितकं विरळ, तितकी तूट ठळक.

आता स्टॉकपासून (मूळ दाट द्रावण) सगळं पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकमध्ये. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मात (रक्तातला द्रव भाग) आधी ड्युटेरियमयुक्त पॅराक्वाट (अंतर्गत मानक: तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात सारखंच घालायचं). ते उशिरा घातलं तर आधीची तूट भरून निघत नाही. मग प्रथिनं खाली बसवायला १% फॉर्मिक आम्ल असलेलं ३०० मायक्रोलिटर ॲसिटोनायट्राइल, १ मिनिट व्होर्टेक्स (जोरात घुसळणं), १२,००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव प्लॅस्टिक वायलमध्ये (छोटी कुपी), तिथून हिलिक कॉलमवर (पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरून ठेवणारा). कॅलिब्रेशनही कोऱ्या (पॅराक्वाट नसलेल्या) प्लाझ्मात, साध्या पाण्यात नव्हे.

एवढं करूनही पीक बुटका आला, तर वायलच्या आतलं इन्सर्ट (छोटी नळी) बघा. आमची वायल प्लॅस्टिकची होती, इन्सर्ट मात्र काचेचं! ते बदलल्यावरच १० चा पीक सलग सहा इंजेक्शनांत जागेवर आला.

जास्त पॅराक्वाटच्या नमुन्यानंतर कोरा नमुना चालवाच. सुईत उरलेलं पॅराक्वाट पुढच्या रुग्णाच्या नावावर चढतं.